मित्राच्या कारखान्याचा अभ्यास



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीची बरीच वर्षे रणगाड्यांच्या दुरुस्तीत गेली. आज मात्र मी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकपदाबद्दल बोलणार आहे. फौजी माणसाचा तिथे काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. संबंध एका रबरी सीलमुळे आला. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१९९२ चा हिवाळा. पश्चिम सीमेजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी कॅप्टन होतो. आमच्याकडे टी-७२ रणगाडे दुरुस्तीला येत. हा रणगाडा मूळ सोव्हिएत बनावटीचा. चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात आपणही तो बनवत होतो, तरी त्याचे कितीतरी सुटे भाग बाहेरूनच यायचे. एक रणगाडा तेलगळतीमुळे शेडमध्ये उभा होता. त्याला हवे होते एक सील. आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. ते एकदा हातातले जुने सील फिरवत म्हणाले, "साहेब, एकेचाळीस टनांचं धूड, आणि अडलंय कशावर? बांगडीएवढ्या रबरावर!"

आम्ही मागणी पाठवली होती. आमच्या भाषेत त्याला इंडेंट म्हणतात. बऱ्याच महिन्यांनी वरून कळले की जिथून माल यायचा तो कारखाना आता वेगळ्या देशात आहे, जुना करार लागू नाही आणि किंमत डॉलरमध्ये द्यावी लागेल. इंडेंटवर पुरवठादार देश म्हणून ज्याचे नाव होते, तो देशच नकाशावर उरला नव्हता.

शत्रूच्या रणगाड्याचा अभ्यास आम्ही खूप केला होता. त्याचे चिलखत किती जाड, तोफेचा पल्ला किती, इंजिन केव्हा तापते, हे झोपेतही सांगितले असते. पण ज्या मित्राच्या भरवशावर आमचे रणगाडे चालत होते, त्याचा कारखाना कसा चालतो, हे कुणी शिकवले नव्हते आणि मीही कुणाला विचारले नव्हते. आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

आता थोडा नकाशा बघू. आपल्या हवाई दलाचे अवजड वाहतूक विमान आयएल-७६, ज्याला आपण गजराज म्हणतो, ते बनायचे उझबेकिस्तानात, ताश्कंदला. एएन-३२ बनायचे युक्रेनमध्ये, कीव्हला. नौदलाच्या कित्येक जहाजांची गॅस टर्बाइन इंजिने आली ती युक्रेनच्याच मिकोलायिव्ह शहरातून. आणि पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, बनायचे किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला. किर्गिझस्तानला समुद्र नाही. तिथले पाणतीर इस्सिक-कुल नावाच्या सरोवरात सोडून तपासले जात.

हे असे का? १९४१ मध्ये जर्मन फौजा आत घुसल्या तेव्हा सोव्हिएत सरकारने शेकडो कारखाने यंत्रांसकट पूर्वेला हलवले. ताश्कंदचा विमान कारखाना मॉस्कोजवळून तिथे गेला. खार्कीव्हचा रणगाड्यांचा कारखाना उरल पर्वताकडे निझ्नी तागिलला गेला. युद्धानंतर कोणता कारखाना कुणाला काय देणार, हे मॉस्कोत बसलेले नियोजन मंडळ ठरवत राहिले. एखादा भाग अख्ख्या देशात एकाच कारखान्यात बनायचा. कारखान्याला ग्राहक शोधावा लागत नव्हता आणि ग्राहकाला पुरवठादार निवडता येत नव्हता. देश एक होता तोपर्यंत हे चालले. डिसेंबर १९९१ मध्ये त्याचे पंधरा देश झाले. एकाच रणगाड्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांमध्ये सीमा आल्या, जकात आली, हळूहळू वेगवेगळी चलने आली. माझे सील त्या सगळ्यात कुठेतरी अडकले होते.

निवृत्तीनंतर हे सगळे मी विसरत चाललो होतो. मग एक दिवस माझ्या पुतणीने फोनवर एक जाहिरात पाठवली. ती दिल्लीत शिकवते. परदेशातल्या एका विद्यापीठाला प्राध्यापक हवा होता. विषय होता समाजवादोत्तर समाजांचे राजकीय अर्थशास्त्र. सोबत तिने लिहिले होते, "काका, हे बघा. तुमच्या सीलचा विषय शिकवायला माणूस हवाय!"

मी हसलो, पण मग तो विषय नीट वाचायला बसलो. नाव जड आहे, ते सोडवून सांगतो. समाजवादोत्तर समाज म्हणजे जिथे कारखाने, जमीन, दुकाने, बँका सरकारच्या मालकीच्या होत्या आणि एकाच पक्षाची सत्ता होती, आणि नंतर ती व्यवस्था मोडली, असे देश. पोलंड, हंगेरी, पूर्व जर्मनी, रशिया, युक्रेन, कझाकस्तान वगैरे. राजकीय अर्थशास्त्र म्हणजे पैसा आणि सत्ता यांचा एकत्र हिशेब. सरकारी कारखाना विकला, तर तो कुणाला मिळाला? किंमत कुणी ठरवली? तोटा कुणाच्या अंगावर पडला? आणि ज्याच्या अंगावर पडला त्याने पुढच्या निवडणुकीत काय केले? प्रश्न एवढे साधे आहेत. उत्तरे मात्र देशागणिक वेगळी आहेत, म्हणून प्राध्यापक लागतो.

गंमत अशी की त्या देशांत पूर्वीही प्राध्यापक होते. समाजवादाचे राजकीय अर्थशास्त्र हा तिथल्या विद्यापीठांत सक्तीचा विषय होता. मग हळूहळू पुस्तकातले आणि रस्त्यावरचे जग जुळेनासे झाले. १९८८ मध्ये तर सोव्हिएत संघात शाळांच्या इतिहासाच्या परीक्षाच रद्द केल्या, कारण पुस्तकातला इतिहास खरा नाही हे सरकारनेच मान्य केले होते. वॉर्सातल्या अर्थशास्त्राच्या प्रमुख महाविद्यालयाच्या नावात चाळीसेक वर्षे नियोजन आणि संख्याशास्त्र हे शब्द होते. १९९१ मध्ये ते नाव गेले आणि युद्धापूर्वीचे परत आले. पूर्व बर्लिनमध्ये कार्ल्सहोर्स्ट भागात नियोजनाचे अर्थशास्त्र शिकवणारी मोठी संस्था होती, ती त्याच वर्षी बंद झाली. तिथल्या माणसांचा विचार करा. पंचावन्न वर्षांचा प्राध्यापक, आयुष्यभर एक विषय शिकवला, आणि एका सकाळी तो विषयच नाही. आम्हा फौजींना निवृत्तीची तारीख आधी माहीत असते. त्यांना तेवढीही सूचना मिळाली नाही.

पण त्यांच्यातूनच एक माणूस असा निघाला की त्याने ही व्यवस्था मोडण्याच्या कितीतरी आधी तिचे निदान केले होते. त्याचे नाव यानोश कोर्नाई. जन्म बुडापेस्टचा, १९२८ चा, ज्यू कुटुंबातला. वडिलांना नाझींनी आउश्वित्झला नेऊन मारले. युद्धानंतर तरुण कोर्नाई कट्टर कम्युनिस्ट झाला आणि पक्षाच्या वर्तमानपत्रात काम करू लागला. पुढे विश्वास उडाला, तिथून बाहेर पडावे लागले आणि तो संशोधनाकडे वळला. त्याने काय केले? हलक्या उद्योगातल्या कारखान्यांच्या व्यवस्थापकांना तो जाऊन भेटला आणि तुमचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे त्यांना विचारले. त्यातून १९५७ मध्ये अतिकेंद्रीकरणावरचे पुस्तक आले. १९८० मध्ये टंचाईच्या अर्थशास्त्रावरचे पुस्तक आले. १९८६ मध्ये तो हार्वर्डला प्राध्यापक झाला, पण बुडापेस्ट सोडले नाही. वर्षाचा काही काळ इकडे, काही काळ तिकडे. २०२१ मध्ये तो गेला.

त्याचा मुख्य विचार मी माझ्या शब्दांत सांगतो. सरकारी कारखान्याचे अंदाजपत्रक सैल असते. तोटा झाला तर कुणीतरी भरून देणार, हे व्यवस्थापकाला पक्के माहीत असते. लाडावलेल्या मुलाचे कर्ज बाप फेडतोच, तसे. ज्याला बुडण्याची भीती नाही, तो खर्चाचा विचार करत नाही. त्याला फक्त एक भीती असते, की उद्या माल मिळणार नाही. म्हणून तो मिळेल ते मागतो आणि साठवतो. प्रत्येकजण साठवतो, म्हणून कुणालाच पुरत नाही. पुरत नाही, म्हणून प्रत्येकजण आणखी साठवतो. टंचाई आळसातून किंवा मूर्खपणातून येते असे नाही. शहाणी, कष्टाळू माणसेही त्या नियमांत बसवली तर टंचाईच तयार करतात.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण मला माझीच एक पेटी आठवली.

तेव्हाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक अलिखित नियम होता. गरज चारची असेल तर मागणी दहाची करायची, कारण कपात होऊन चारच मिळणार. मीही तेच करायचो. मी नवीन होतो तेव्हा एका वरिष्ठाने शिकवले आणि पुढे मी धाकट्यांना शिकवले. एकदा चुकून कपात कमी झाली आणि आमच्याकडे सहा सील जास्तीची आली. ती मी नोंदीबाहेर एका लोखंडी पेटीत ठेवली, अडीअडचणीला म्हणून. १९९२ मध्ये ज्या प्रकारच्या सीलसाठी आमचा एक रणगाडा उभा होता, त्या प्रकारची ही नव्हती. पण शेजारच्या वर्कशॉपला नेमकी हीच हवी होती. त्यांचे तीन रणगाडे उभे होते. तिथला कॅप्टन माझ्या ओळखीचा. त्याने फोन करून विचारले, "सर, एखादं तरी निघतंय का बघा." मी म्हणालो, "नाही रे, माझ्याकडेही काही नाही."

खोटे बोललो. उद्या माझे रणगाडे अडले तर मला कोण देणार, हा विचार होता. पुढे दीड-दोन वर्षांनी बदलीच्या वेळी ती पेटी उघडली. त्या रखरखीत उन्हाच्या शेडमध्ये राहून रबर कडक झाले होते. सुभेदार साहेबांनी एक सील दोन्ही हातांनी वाकवले, ते मोडले. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

मी स्वतःला बेइमान समजत नव्हतो. आजही समजत नाही. पण टंचाईचा कारखाना माझ्या पेटीतही होता, हे मला हंगेरीच्या एका अर्थतज्ज्ञाने सांगितले. विषय जवळचा झाला तो तेव्हापासून.

आता हा विषय एका देशाच्या पातळीवर कसा दिसतो ते बघू. पोलंड आणि रशिया घेऊ.

पोलंडमध्ये १ जानेवारी १९९० पासून वित्तमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांची योजना सुरू झाली. हे गृहस्थ त्याच नियोजनाच्या महाविद्यालयातले. बहुतेक किमती मोकळ्या केल्या, अनुदाने कापली, आयात खुली केली. त्या वर्षी महागाई कित्येक पटींनी वाढली. दोन वर्षे उत्पादन घसरले आणि पुढे बेकारी १६ टक्क्यांवर गेली. पण १९९२ पासून अर्थव्यवस्था वाढू लागली आणि १९९६ च्या सुमारास १९८९ ची पातळी तिने पुन्हा गाठली.

रशियात २ जानेवारी १९९२ ला येगोर गायदार यांनी किमती मोकळ्या केल्या. त्या वर्षी किमती सुमारे २६ पट झाल्या. लोकांची बँकेतली बचत वितळून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून अनातोली चुबाइस यांच्या देखरेखीखाली प्रत्येक नागरिकाला दहा हजार रुबल किमतीचे व्हाउचर मिळाले. त्यातून कारखान्यांचे शेअर घ्यायचे. १९९४ च्या मध्यापर्यंत हजारो कारखाने खासगी झाले. तरी उत्पादन १९९८ पर्यंत घसरत राहिले. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मध्ये सुमारे ६४ वर्षे होते, ते १९९४ मध्ये ५८ च्याही खाली आले. युद्ध नसताना एवढी घसरण. आकडा वाचताना मला त्या घरांतले रिकामे पाट दिसतात.

आता नेहमीचे उत्तर असे की पोलंडने खासगीकरण वेगाने केले आणि रशियाने टाळाटाळ केली. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. मोठ्या कारखान्यांचे खासगीकरण रशियाने वेगाने केले आणि पोलंडने रेंगाळत. पोलंडमध्ये झपाट्याने खासगी झाली ती छोटी दुकाने, आणि लाखो लोकांनी नवे छोटे धंदे उभे केले. मोठे कारखाने बराच काळ सरकारीच राहिले, पण त्यांना एक गोष्ट कळली होती, की आता तोटा भरून मिळणार नाही. ज्या ग्दान्स्क गोदीत सॉलिडॅरिटी चळवळ जन्मली, ती गोदी १९९६ मध्ये दिवाळखोर ठरली. त्यावर तिथे बरेच वादळ उठले. पण ज्या गोदीने राज्य पालटले तिलाही सूट नाही, हा संदेश प्रत्येक व्यवस्थापकापर्यंत गेला असणार.

रशियात मालक बदलले, अंदाजपत्रक सैलच राहिले. कारखान्याने विजेचे बिल भरायचे नाही, वीज कंपनीने कर भरायचा नाही, सरकारने पगार द्यायचा नाही. सगळ्यांची एकमेकांकडे थकबाकी. १९९८ पर्यंत उद्योगांतली जवळपास निम्मी विक्री मालाच्या बदल्यात माल अशी होऊ लागली. कामगारांना पगार म्हणून कारखान्यातलाच माल मिळायचा आणि तो ते रस्त्यावर विकायचे. सैन्यातल्या अधिकाऱ्यांचेही पगार महिनोन्महिने थकले. त्या उन्हाळ्यात कोळसा खाणीतले कामगार मॉस्कोत सरकारी इमारतीसमोर बसून दगडी फरशीवर शिरस्त्राणे आपटत होते. १७ ऑगस्टला सरकारने स्वतःच देणी थांबवली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, सरकारने कर्जाच्या बदल्यात मोठमोठ्या तेल आणि धातू कंपन्यांचे शेअर मोजक्या बँकांकडे तारण ठेवले होते. ते परत सोडवले नाहीत, आणि रशियाचे नवे धनाढ्य तिथून उभे राहिले.

तिसरे उदाहरण पूर्व जर्मनीचे. तिथे पैशाची कमतरता नव्हती, श्रीमंत भाऊ शेजारी होता. १ जुलै १९९० ला पूर्वेच्या मजुरीला पश्चिमेचा मार्क एकास एक मिळाला. लोक खूश झाले, पण कारखान्यांचा खर्च एका रात्रीत आभाळाला भिडला आणि पूर्व युरोपातले त्यांचे गिऱ्हाईक तुटले. ट्रॉयहांड नावाच्या संस्थेकडे सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि चाळीस लाख कामगार सोपवले होते. १९९४ च्या अखेरीस ती बंद झाली तेव्हा अडीचशे अब्ज मार्कांहून जास्त तूट मागे राहिली होती. तिचे प्रमुख डेटलेव्ह रोहवेडर यांची १ एप्रिल १९९१ ला घरात गोळी घालून हत्या झाली. आज तिथल्या मतदानाचा नकाशा बघितला तर जुनी सीमा अजून दिसते.

पोलंडची बाजूही सगळी उजळ नाही. तिथल्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या भागांत सरकारी शेतांवर अख्खी गावे जगत होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती शेते मोडीत काढली. गावाला दुसरा धंदा नव्हता. देश सावरला, ती गावे मागे राहिली. म्हणून या विषयाच्या प्राध्यापकाने सरासरी सांगून थांबता कामा नये. तोटा कुणी सोसला, हा प्रश्न त्याने प्रत्येक वेळी विचारायला हवा.

आता आपल्याकडे येतो. आपला या गोष्टीशी संबंध माझ्या सीलपुरता नाही. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या सोव्हिएत कराराने आला. नाशिकजवळ ओझरला मिग विमाने बनू लागली. व्यापार रुपयांत होता. सोव्हिएत संघ संपल्यावर प्रश्न आला की आपले जुने देणे किती? रुबलचा दर कोणता धरायचा? जानेवारी १९९३ मध्ये बोरिस येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा तोडगा निघाला. त्यात कर्जाचा एक भाग पंचेचाळीस वर्षांत बिनव्याजी फेडायचा ठरले. हिशेब करा. नाहीशा झालेल्या देशाशी केलेल्या व्यवहाराचा हप्ता २०३७ च्या आसपासपर्यंत चालणार. आज कॉलेजात बसलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या लग्नाआधीची ही गोष्ट.

आणि ती संपलेली नाही. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. तिथे रशियाचे सर्गेई लावरोव्ह यांनी सांगितले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साचलेत, पण ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. रुपया-रुबलचा तोच जुना पेच, तीस वर्षांनी, नव्या कपड्यांत.

दुसरे उदाहरण आयएनएस तुशिल या युद्धनौकेचे. डिसेंबर २०२४ मध्ये ती रशियातल्या कालिनिनग्राद इथे आपल्या नौदलात दाखल झाली. नौका रशियाने बांधली. तिची गॅस टर्बाइन युक्रेनची. २०१४ मध्ये क्रिमियानंतर युक्रेनने रशियाला ती इंजिने द्यायचे थांबवले. मग आपण ती युक्रेनकडून घेतली आणि रशियाच्या गोदीत पोहोचवली. दोन देश एकमेकांवर तोफा डागताहेत आणि दोघांचे काम एका भारतीय जहाजात शेजारी शेजारी बसले आहे. १९९१ मध्ये फुटलेला नकाशा आपल्या इंजिनघरात अजून जिवंत आहे.

मग आपल्याकडे याचा अभ्यास कोण करते? अगदी काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पूर्वी सोव्हिएत आणि पूर्व युरोप अभ्यासाचे केंद्र होते, ते आता रशिया आणि मध्य आशियाचे केंद्र आहे. मुंबई विद्यापीठातल्या सोव्हिएत अभ्यास केंद्राचेही पुढे मध्य युरेशियाचे केंद्र झाले. माझी स्वतःची पदवी जेएनयूचीच. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतल्या आम्हा मुलांना ती तिथून मिळते. म्हणजे ज्या विद्यापीठात माझ्या प्रश्नाचे उत्तर असलेली माणसे बसली होती, त्याचाच शिक्का माझ्या कागदावर होता. पण ती माणसे आणि आमचे वर्कशॉप यांच्यात कधी एक पत्रही गेले नाही.

इतरांनी काय केले बघा. लंडनमध्ये स्लाव्ह अभ्यासाची शाळा १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत सुरू झाली. उद्घाटनाचे व्याख्यान दिले टोमाश मासारिक यांनी, जे तीन वर्षांनी चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रशियाची संस्था निघाली १९४६ मध्ये आणि हार्वर्डमध्ये १९४८ मध्ये. त्यांनी शत्रू ओळखायला प्राध्यापक नेमले. आपला तो मित्र होता, म्हणून आपण विश्वासावर भागवले. मला वाटते मित्राला ओळखणे जास्त गरजेचे, कारण शत्रूवर आपण अवलंबून नसतो.

माझी सूचना साधी आहे. आपल्या एखाद्या विद्यापीठात, दिल्ली, हैदराबाद, पुणे, कुठेही, या विषयाचे एक कायमचे अध्यासन असावे. त्या प्राध्यापकाला एकतरी तिथली भाषा यावी, म्हणजे कारखान्यातला फोरमन काय म्हणतो ते त्याला दुभाष्याविना कळेल. त्याने कोर्नाईसारखे लोकांना जाऊन विचारावे. आणि त्याच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी आपल्या डेपोंत, ओझरला, आवडीला येऊन बसावे. सुटा भाग का येत नाही, याचे उत्तर अर्धे तिथे असते आणि अर्धे इथे.

कुणी विचारेल, मेलेल्या व्यवस्थेचा अभ्यास कशाला? माझे उत्तर असे की सैल अंदाजपत्रक कोणत्याही एका विचारसरणीची मालमत्ता नाही. तोटा दुसरा भरेल ही खात्री जिथे असते, तिथे ते असते. सरकारी मंडळात असते, खासगी बँकेत असते, सहकारी संस्थेत असते. लोखंडी पेटीतही असते. ते ओळखायला शिकवणारा माणूस मेलेल्या व्यवस्थेचा प्राध्यापक ठरत नाही.

दुसरा आक्षेप, की तज्ज्ञही चुकतात. खरे आहे. १९८५ मध्ये यांगत्से नदीवर एका बोटीवर चिनी अधिकारी आणि परदेशी अर्थतज्ज्ञ यांची परिषद झाली. कोर्नाई तिथे होता, त्याचे विचार चीनमध्ये पुढे खूप वाचले गेले. म्हातारपणी, २०१९ मध्ये, त्यानेच जाहीरपणे लिहिले की चीन आज जे झाला आहे त्याच्या दोषात आम्हा सल्लागारांचाही वाटा आहे. नव्वदी ओलांडलेल्या माणसाने असे लिहायला हिंमत लागते. मला एका पेटीबद्दल बोलायला तीस वर्षे लागली.

तेव्हा जी मुले हे ऐकत असतील, इंदूरला, बडोद्याला, बंगळुरूला, कुठेही, आणि अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकत असतील, त्यांना सांगतो. या विषयात गर्दी नाही, काम भरपूर आहे. एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करा. आपल्या देशात चालणारी एखादी वस्तू घ्या, तिचा एक छोटा भाग घ्या, आणि तो कुठून येतो, त्याचे पैसे कोण देतो आणि तो आला नाही तर तोटा कुणाचा, हे शोधत जा.

शेजारच्या वर्कशॉपमधल्या त्या कॅप्टनला मी मागच्या वर्षी फोन केला. तोही आता निवृत्त आहे. पेटीची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, आता सांगायला हरकत नाही. तुम्हाला हवी होती ना, त्या मापाची चार सील तेव्हा माझ्या पेटीत होती."

जय हिंद.